अजित वाडेकर : ४२ ऑल आऊटनंतर घरी बसवलेल्या कर्णधाराच्या हाती भारतीय संघ पुन्हा कसा आला?

भारतीय क्रिकेटमध्ये खेळाडू, कर्णधार, संघाचा मॅनेजर आणि निवड समितीचा अध्यक्ष या चारही भूमिका केलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. लाला अमरनाथ, चंदू बोर्डे आणि अजित वाडेकर ही त्यातली नावं.

यातल्या वाडेकरांची गोष्ट जरा वेगळी आहे. ज्या कर्णधाराला देशाने १९७१ मध्ये डोक्यावर घेतलं, त्यालाच तीन वर्षांनी एका दौऱ्यापायी खेळ सोडावा लागला. आणि १८ वर्षांनी त्याच माणसाला मंडळाने परत बोलावलं, ते संघाचा मॅनेजर म्हणून.

वडिलांना हवा होता इंजिनिअर

वाडेकरांचा जन्म १ एप्रिल १९४१ चा, मुंबईतला. मुलाने गणित घ्यावं आणि इंजिनिअर व्हावं, अशी वडिलांची इच्छा होती. पण पोरगा शिवाजी पार्कचा, त्यामुळे व्हायचं तेच झालं. १९५८-५९ च्या मोसमात त्यांनी मुंबईकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केलं.

रणजीत धावांचा डोंगर उभा करूनही भारताच्या संघात यायला १९६६ चा डिसेंबर उजाडला. तिसऱ्या क्रमांकावरचा डावखुरा फलंदाज आणि स्लिपमधला भरवशाचा क्षेत्ररक्षक ही त्यांची ओळख. ३७ कसोटींत २,११३ धावा, ४६ झेल आणि एकमेव शतक. ते १४३ धावांचं शतक १९६८ मध्ये वेलिंग्टनला आलं. भारताने परदेशात पहिल्यांदा जी कसोटी मालिका जिंकली, त्याच न्यूझीलंड दौऱ्यातलं.

तेव्हा क्रिकेटवर घर चालत नव्हतं. बहुतेक खेळाडू कुठे ना कुठे नोकरी करायचे. वाडेकर स्टेट बँकेत होते.

एका मताने मिळालेलं कर्णधारपद

१९७१ मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार निवडायचा होता. मन्सूर अली खान पतौडी की वाडेकर, यावर निवड समितीत समसमान मतं पडली. अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं.

पहिल्याच कसोटीत नव्या कर्णधाराची चुणूक दिसली. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात वाहून गेला. पुढे भारताला १७० धावांची आघाडी मिळाली. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० धावांची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेल्याने सामना नियमाने चार दिवसांचा झाला होता. तिथे १५० पुरतात. वाडेकरांना हे ठाऊक होतं. त्यांनी सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीला बोलावलं. सामना अनिर्णित राहिला, पण हा संघ हातपाय गाळून खेळायला आलेला नाही, हे वेस्ट इंडिजला कळलं.

दुसऱ्या कसोटीत, पोर्ट ऑफ स्पेनला, भारताने वेस्ट इंडिजला इतिहासात पहिल्यांदा हरवलं आणि मालिका १-० ने जिंकली. पाठोपाठ इंग्लंड. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ वर आटोपला आणि २४ ऑगस्ट १९७१ ला भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिली कसोटी आणि पहिली मालिकाही जिंकली. शेवटच्या सकाळी लवकर धावचीत झालेले वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपी गेले होते आणि विजयाची बातमी द्यायला त्यांना उठवावं लागलं, हा किस्सा आजही सांगितला जातो.

१९७२-७३ मध्ये इंग्लंडला मायदेशात २-१ ने हरवून त्यांनी सलग तिसरी मालिका खिशात घातली.

एक दौरा आणि सगळं संपलं

१९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात भारत ३-० ने हरला. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात अख्खा संघ ४२ धावांत गारद झाला. त्याच दौऱ्यात भारत आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्यात कर्णधार वाडेकरांनी ६७ धावा केल्या, पण तोही सामना गेला.

इंदूरमध्ये १९७१ च्या विजयांची आठवण म्हणून उभारलेली सिमेंटची भलीमोठी बॅट लोकांनी विद्रूप केली. पश्चिम विभागाच्या निवड समितीने तर वाडेकरांना दुलीप करंडकाच्या संघातही घेतलं नाही. वय होतं ३३. त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि बँकेच्या कामात लक्ष घातलं.

मॅनेजर म्हणजे नेमकं काय?

आज संघासोबत मुख्य प्रशिक्षक असतो आणि त्याच्या हाताखाली फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षणाचे वेगळे प्रशिक्षक असतात. पूर्वी असं काही नव्हतं. दौऱ्यावर जो मॅनेजर जायचा, त्याच्याकडे हॉटेल, प्रवास, भत्ते, सत्कार अशी कामं असायची. १९८३ चा विश्वचषक जिंकलेल्या संघासोबतही मॅनेजर मानसिंग होते, प्रशिक्षक कुणीच नव्हता.

मॅनेजर माजी खेळाडू असला तर सरावही घ्यायचा. १९७१ मध्ये वाडेकरांच्या इंग्लंड दौऱ्याचे मॅनेजर होते पुण्यात जन्मलेले कर्नल हेमू अधिकारी. त्यांनी लष्करी शिस्तीत क्षेत्ररक्षणाचा कसून सराव करून घेतला होता.

१९९० पासून 'क्रिकेट मॅनेजर' हे पद रुजू लागलं. नावात मॅनेजर, पण काम प्रशिक्षकाचं. आधी बिशनसिंग बेदी, मग अब्बास अली बेग आणि १९९२ मध्ये वाडेकर. कर्णधार होता मोहम्मद अझरुद्दीन.

जुनाच फॉर्म्युला, नवी पोरं

सुरुवात खडतर होती. दक्षिण आफ्रिकेत मालिका १-० ने गेली आणि अझरचं कर्णधारपद धोक्यात आलं. त्यात समोर इंग्लंडचा संघ दौऱ्यावर येत होता.

१९७१ मध्ये वाडेकर जिंकले होते ते फिरकी आणि फलंदाजाच्या आसपास उभ्या केलेल्या क्षेत्ररक्षकांच्या जोरावर. १९९३ मध्येही तोच डाव मांडला गेला. अनिल कुंबळे, राजेश चौहान आणि वेंकटपती राजू असे तीन फिरकीपटू एकत्र खेळवले. कोलकात्यात ८ गडी राखून, तर चेन्नई आणि मुंबईत डावाने, असा इंग्लंडचा ३-० ने फडशा पडला. एकट्या कुंबळेने २१ बळी घेतले.

वाडेकर असेपर्यंत भारत मायदेशात एकही कसोटी मालिका हरला नाही. १९९३ मध्ये श्रीलंकेत मालिका जिंकली. त्याच वर्षी हीरो कपच्या अंतिम सामन्यात कुंबळेने १२ धावांत ६ बळी घेऊन वेस्ट इंडिजला लोळवलं.

पण सर्वांत दूरगामी निर्णय ठरला ऑकलंडचा. २७ मार्च १९९४ ला सलामीवीर नवज्योत सिद्धूची मान आखडली. सचिन तेंडुलकर तोवर मधल्या फळीत खेळायचा आणि चार वर्षांत त्याचं एकही एकदिवसीय शतक नव्हतं. त्याने वाडेकर आणि अझरकडे हट्टच धरला, मला सलामीला पाठवा. दोघांनी होकार दिला. सचिनने ४९ चेंडूंत ८२ धावा कुटल्या. सहाच महिन्यांत त्याचं पहिलं एकदिवसीय शतक आलं. पुढे त्याच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ४५ सलामीला येऊनच झाली.

पुन्हा एक हार, पुन्हा निरोप

१३ मार्च १९९६. विश्वचषकाची उपांत्य फेरी, ईडन गार्डन्स. नाणेफेक जिंकून भारताने श्रीलंकेला फलंदाजी दिली. त्या स्पर्धेत श्रीलंका धावांचा पाठलाग करताना धुमाकूळ घालत होती, म्हणून आधी क्षेत्ररक्षण, असा हिशोब होता.

२५२ धावांचं लक्ष्य होतं. सचिन ६५ वर बाद झाला तेव्हा भारत २ बाद ९८ होता, आणि बघता बघता ८ बाद १२०. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला.

नाणेफेकीच्या त्या निर्णयावर पुढे बरेच आरोप झाले. वर्षांनंतर विनोद कांबळीने शंका घेतली, तेव्हा हा निर्णय संघाच्या बैठकीत झाला होता, असं सांगत वाडेकरांनी ती फेटाळली. मात्र त्या विश्वचषकानंतर मॅनेजरची जबाबदारी मुंबईच्याच संदीप पाटीलकडे गेली.

या वेळी मात्र वाडेकर क्रिकेटपासून तुटले नाहीत. १९९८ मध्ये ते निवड समितीचे अध्यक्ष झाले. दिव्यांग खेळाडूंच्या क्रिकेटसाठीही त्यांनी बराच काळ काम केलं.

१५ ऑगस्ट २०१८ ला, वयाच्या ७७ व्या वर्षी, मुंबईत त्यांचं निधन झालं. तेव्हा भारतीय संघ इंग्लंडच्याच दौऱ्यावर होता. तीन दिवसांनी नॉटिंगहॅमच्या कसोटीत विराट कोहलीचा संघ दंडाला काळ्या फिती बांधून मैदानात उतरला आणि ती कसोटी भारताने २०३ धावांनी जिंकली.