रोल लागत नाही : वऱ्हाडातल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांची गोष्ट

अकोल्याला जठारपेठेत माझ्या मामाजींचं घर आहे. तिथल्या लोखंडी कपाटात एक डिजिटल कॅमेरा अजून जपून ठेवलेला आहे. २००२ साली त्यांच्या साडूंचा मुलगा अमेरिकेहून सुट्टीवर आला, तेव्हा त्याने तो आणला होता. दोन मेगापिक्सेल, चार पेन्सिल सेल आणि सोळा एमबीचं कार्ड. आजच्या फोनमधले मोजकेच फोटो त्या कार्डात मावतील. पण तेव्हा शेजारची माणसं कॅमेरा बघायला म्हणून चहाला यायची.

गेल्या वर्षी मी अमरावती आणि अकोल्यातल्या ओळखीच्या घरांमध्ये एकच प्रश्न विचारत फिरलो : तुमचा पहिला डिजिटल कॅमेरा कसा होता? लोक या विषयावर फार आनंदाने बोलतात. एखादी वस्तू चांगली की वाईट हे सांगताना माणूस ती कशाशी ताडून पाहतो, ते आपोआप बाहेर येतं. या मतांमधून कॅमेऱ्यापेक्षा घरांचा इतिहास जास्त कळतो, असं मला हळूहळू वाटू लागलं.

त्याआधी कॅमेऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने फिल्मशिवाय चालणारा पहिला कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. चित्र १०० गुणिले १००, म्हणजे दहा हजार ठिपक्यांचं, तेही काळंपांढरं. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि बघायचं ते टीव्हीवर. कॅसेटवर याहून जास्त चित्रं मावू शकली असती, पण सॅसनने तीसच ठेवायची ठरवली, कारण लोकांना २४ आणि ३६ फोटोंच्या रोलची सवय होती. कोडॅकच्या अधिकाऱ्यांपुढे हे यंत्र मांडलं तेव्हा त्यांनी जे प्रश्न विचारले, ते सॅसनने पुढे लिहून ठेवले आहेत. टीव्हीवर फोटो कोण बघेल, हा त्यातला एक. दुसरा असा की ही चित्रं साठवायची कुठे आणि यांचा अल्बम कसा असेल? या दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्याला परत यायचं आहे.

सामान्य ग्राहकाच्या हातात असे कॅमेरे आले ते नव्वदीच्या दशकात. १९९४ चा ॲपलचा क्विकटेक १०० पूर्ण आकाराचे फक्त आठ फोटो साठवायचा. १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० ला मागे छोटा रंगीत पडदा होता, त्यामुळे काढलेला फोटो तिथल्या तिथे बघता येऊ लागला. १९९७ मध्ये सोनीने असा माविका आणला, ज्यात थेट साडेतीन इंची फ्लॉपी घालायची. तारांची आणि सॉफ्टवेअरची कटकट नाही; फ्लॉपी काढा, कुठल्याही संगणकात घाला. फ्लॉपीची मर्यादा १.४४ एमबी आणि चित्र ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचं. कागदावर स्वच्छ छापायचं तर ते पासपोर्ट फोटोहून फारसं मोठं होत नसे. १९९९-२००० च्या सुमाराला दोन मेगापिक्सेल आले आणि चार बाय सहा इंचाचा, आपल्याकडे ज्याला 'मॅक्सी' म्हणत, तो प्रिंट बरा निघू लागला. आमच्या भागात डिजिटल कॅमेरा घरात शिरला तो इथून पुढे, आणि बहुतेक वेळा परदेशातल्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगेतून.

आता मालकांची मतं. तक्रारी बहुतेक सगळ्यांच्या सारख्या निघाल्या.

पहिली तक्रार उन्हाची. मे महिन्यात अकोल्यात दुपारी बाहेर उभं राहिलं की मागच्या पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याशिवाय काही दिसत नसे. त्या पडद्यांचा उजेडच तेवढा नव्हता. मग एकाने फोटो काढायचा आणि दुसऱ्याने टॉवेलची सावली धरायची.

दुसरी तक्रार उशिराची. बटण दाबल्यावर कॅमेरा आधी नेम साधायचा, उजेड मोजायचा, मग टिपायचा. यात अर्धा-एक सेकंद जायचा. अमरावतीचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "पोराले म्हटलं हस, थो हसला, तोंड मिटलं, अन् मंग याचा फोटो निघाला."

तिसरी तक्रार सेलची. पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात, म्हणून असे कॅमेरे लोकांना आवडले. पण दुकानातले साधे सेल घड्याळासाठी, रेडिओसाठी ठीक. कॅमेऱ्याचा पडदा आणि फ्लॅश एकदम एवढा विद्युतप्रवाह ओढत की दहा-बारा फोटोंतच सेल मान टाकत. चार्ज होणारे सेल घ्यावेत तर लोडशेडिंग. त्या वर्षांत वऱ्हाडात वीज कधी जाईल याचं वेळापत्रक घरोघरी तोंडपाठ असे आणि चार्जर त्या हिशोबाने लावावा लागे.

एवढं सगळं ऐकवून झालं की प्रत्येक जण शेवटी एकाच वाक्यावर यायचा : "पण रोल लागत नव्हता ना!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की तेच मला सगळ्यात महत्त्वाचं मत वाटू लागलं. रोल लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी रोलच्या जमान्यात घर चालवलं त्यांनाच कळेल. छत्तीस फोटोंचा रोल पोळ्याला घातला की दिवाळीपर्यंत पुरवायचा. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, प्रिंटचे पैसे. त्यामुळे फोटो कोणाचा काढायचा हे ठरलेलं असे. नवरा-नवरी, बारशातलं बाळ, मुंबईहून आलेले पाहुणे, नवी मोटरसायकल. स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या बाईवर कोणी फ्रेम घालवत नसे. जुने अल्बम काढून बघा. घरात तीस-चाळीस वर्षं राबलेली माणसं त्यात जवळपास नसतात. असलीच तर ग्रुप फोटोत, कोणाच्या तरी खांद्याआड.

डिजिटल कॅमेऱ्याने ही कंजुषी मोडली. रोल लागत नाही म्हटल्यावर हात सैल झाला. मामाजींनी पहिल्या महिन्यात काय काय टिपलं त्याची आठवण घरात अजून निघते : गोठ्यातली गाय, सांडगे वाळत घातलेली गच्ची, भांडी घासायला येणाऱ्या मावशी, दारावरचा दूधवाला आणि आजी. आजीचे बरेच फोटो. तिला कॅमेरा कळत नसे. ती मागचा पडदा बघायची, त्यात स्वतःला बघायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

मे २००३ मध्ये मामाजींच्या मोठ्या मुलीचं लग्न अकोल्यात झालं. लग्नाला रीतसर फोटोग्राफर होता, रोलवाला. पण आजी मांडवात आलीच नाही. आजोबा जाऊन सतरा वर्षं झाली होती, आणि विधवा बाईने शुभकार्यात पुढे येऊ नये हा दंडक तिने स्वतःच इतका पाळला होता की कोणी आग्रह केला तर तिला राग येई. ती आतल्या खोलीत फोडणीच्या वासात, रुखवताच्या डब्यांशेजारी बसून होती. फोटोग्राफर तिथे जाण्याचं कारण नव्हतं. मामाजी गेले. त्यांनी तिचा एक फोटो काढला. मी शेजारीच होतो. आजी कशावर तरी खळखळून हसली होती, चष्मा नाकावर घसरलेला, हातात अक्षतांचं ताट. कॅमेऱ्याच्या त्या अर्ध्या सेकंदात ती हलली आणि फोटो किंचित अस्पष्ट आला. पडद्यावर बघून आम्ही सगळे हसलो.

सोळा एमबीच्या कार्डात चांगल्या दर्जाचे वीसेक फोटो मावत. वरमालेच्या वेळी कार्ड भरलं. घरी संगणक नव्हता. सायबर कॅफेत जाऊन सीडी करून आणायची ती वेळ नव्हती. भटजी घाई करत होते. मामाजींनी मांडवाच्या खांबाला टेकून, पडद्यावर हाताची सावली धरून एक-एक फोटो मागे नेला आणि काय पुसता येईल ते शोधलं. जावयाचे वडील पुसता येत नव्हते. मुंबईचे पाहुणे पुसता येत नव्हते. आजीचा फोटो अस्पष्ट होता. शिवाय आजी काय, घरचीच. उद्या पुन्हा काढू.

जुलैमध्ये आजी गेली.

भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. आधीच्या महिन्यांतले तिचे फोटो एका सीडीवर होते आणि ती सीडी कोणाकडे गेली ते कोणालाच आठवेना. लग्नाच्या अल्बमात ती एका फोटोत निघाली, फेट्याआड अर्धी. शेवटी अमरावतीच्या एका जुन्या स्टुडिओत गेलो. आजोबांची शाळेतली नोकरी अमरावतीला होती. ते १९८६ साली गेल्यावर कुटुंब पेन्शनच्या कागदांसाठी आजीचा पासपोर्ट फोटो तिथेच काढला होता. फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलेला नंबर होता. स्टुडिओवाल्या काकांनी फाटक्या रजिस्टरमध्ये तो नंबर काढला, पाकिटांच्या पेटीत हात घातला आणि दहा मिनिटांत काळीपांढरी निगेटिव्ह समोर धरली. सतरा वर्षांत आमच्यातल्या कोणी तिची चौकशी केली नव्हती, तरी ती जागेवर होती.

तोच फोटो आज भिंतीवर आहे. वैधव्याच्या पहिल्या महिन्यातला चेहरा, रिकामं कपाळ, सरळ कॅमेऱ्यात रोखलेली नजर. आमच्या आठवणीतल्या आजीशी तो जुळत नाही. माझ्या मुलीला आजी रागीट होती असं वाटतं.

ही गोष्ट सांगून मला जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. तो स्टुडिओही पुढे बंद झाला. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हमध्ये चांदी असते, म्हणून त्या भंगारात विकल्या गेल्या. रंगीत निगेटिव्हमधली चांदी धुलाईतच निघून जाते, मागे नुसता रंग उरतो. त्यांना भंगारवाल्यानेही घेतलं नाही, त्या कचऱ्यात गेल्या. अर्ध्या शहराचे चेहरे त्या पेट्यांमध्ये होते. आणि आजीचा मुळात एकच फोटो तिथे असण्याचं कारणही सरकारी कागद हेच होतं. रोलच्या राज्यात तिच्या वाट्याला सतरा वर्षांत एवढंच आलं होतं.

पण रोल गेला म्हणून टंचाई गेली, हा जो समज प्रत्येक मालकाच्या मतात आहे, तो खरा नव्हता. टंचाईने फक्त जागा बदलली. आधी ती फोटो काढताना होती, आता ती ठेवताना आली. आधी आजीवर फ्रेम घालवायची नाही हे न बोलता ठरलेलं होतं. आता फ्रेम फुकट झाली, पण कार्ड भरल्यावर कोणाला पुसायचं हे ठरवायची वेळ आली, आणि पुसायला हात आपोआप त्याच माणसांकडे वळला. कोडॅकच्या अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न, की साठवायचं कुठे आणि अल्बम कसा असेल, तो या कॅमेऱ्यांबरोबर आमच्या घरात आला. पण घरातल्या कोणीच तो स्वतःला विचारला नाही. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी एकानेही आपणहून सांगितलं नाही की पहिल्या वर्षाचे फोटो आता कुठे आहेत. विचारल्यावर मात्र सगळे गप्प झाले.

मामाजींनी पुढे मोठं कार्ड घेतलं आणि लग्नाचं ते सोळा एमबीचं कार्ड तसंच डबीत घालून ठेवलं. गेल्या दिवाळीत मी ते घरी आणून संगणकाला लावलं. चालू झालं. वीस फोटो निघाले आणि सगळ्यांवर तारीख १ जानेवारी. सेल बदलले की या कॅमेऱ्याचं घड्याळ मूळपदावर जात असे आणि ते पुन्हा लावायला कोणाला सुचत नसे. पुढे कोणी या फोटोंवरून घराचा इतिहास लिहायला बसला तर आमच्याकडे भर थंडीत लग्न झालं असं लिहील.

पुसलेला फोटो परत मिळवता येतो, हे मला माहीत होतं. कॅमेरा फोटो पुसतो म्हणजे यादीतलं फक्त त्याचं नाव काढतो. चित्र तिथेच असतं, त्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत. तसं सॉफ्टवेअर चालवून मी रात्री उशिरापर्यंत बसलो. काही मिळालं नाही. आजीच्या जागेवर वरमाला होती.

ते वीस फोटो मी मॅक्सी आकारात छापून घेतले. एका फोटोत आतल्या खोलीचं दार उघडं आहे आणि दारातून अक्षतांच्या ताटाची कड दिसते. ते ताट कोणाच्या हातात आहे ते त्या फोटोच्या मागे पेन्सिलने लिहिलं आणि संच घेऊन अकोल्याला गेलो. मामाजींची आता पंचाहत्तरी उलटली आहे. त्यांनी सगळे फोटो हात लांब करून, एक-एक करत पाहिले. मग मी त्यांना तोच प्रश्न विचारला, जो सगळ्यांना विचारत होतो. कॅमेरा कसा होता, मामाजी?

"चांगला होता, बाबू," ते म्हणाले. "जागाच पुरली नाही."