४ जून १९९२ : वॉर्सातली एक रात्र

आठवडाभर आधी, गुरुवार, २८ मे. पोलंडच्या सेइममध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, यानुश कोर्विन-मिक्के एक ठराव आणतात. कम्युनिस्ट राजवटीत गुप्त पोलिसांना मदत करणारे खासदार, मंत्री आणि बडे अधिकारी कोण, ते गृहमंत्र्यांनी जाहीर करावं. बाजूने १८६, विरोधात १५, तटस्थ ३२. ४६० जणांच्या सभागृहात मत द्यायला २३३ जण, कोरमपेक्षा तीन जास्त. देश हादरवणारा ठराव जेमतेम गणपूर्तीवर निघाला.

पंतप्रधान यान ओल्शेव्स्की यांच्याकडे तेव्हाही बहुमत नव्हतंच. १९९१ च्या निवडणुकीत २९ गट सेइममध्ये आले. सर्वांत मोठ्या पक्षाला ६२ जागा, बिअरप्रेमींच्या पक्षालाही १६. ओल्शेव्स्कींचं नाव पुढे केलं पाच पक्षांनी, पण मंत्रिमंडळ बनेपर्यंत त्यातले दोन बाजूला झाले. उरले सेंटर अलायन्स (४४), ख्रिस्ती राष्ट्रीय संघ (४९) आणि एक शेतकरी गट (२८), मिळून १२१. २३ डिसेंबरला बाहेरच्यांची मतं मिळाली म्हणून सरकार तरलं. नंतर अर्थमंत्र्याने राजीनामा दिला, त्याच्या जागी आलेल्यानेही मे महिन्यात दिला. संरक्षणमंत्री यान पारिस यांनी राष्ट्राध्यक्षांच्या माणसांवर सैन्यात राजकारण केल्याचा आरोप केला आणि तेही गेले. बेरजेची बोलणी महिनोन्‌महिने चालली होती, बेरीज काही होत नव्हती.

मेमध्येच राष्ट्राध्यक्ष लेक वालेसा रशियाशी करार करायला मॉस्कोत होते. रशियन सैन्य सोडून जाणार असलेल्या तळांवर संयुक्त कंपन्या काढायचं कलम सरकारने ऐनवेळी रोखलं. वालेसांनी ते विसरायचं नाव काढलं नाही. महिनाअखेरीस तीन विरोधी पक्षांनी अविश्वासाचा ठराव दाखल केला होता. सरकार पडणार हे ठरलेलं होतं, प्रश्न फक्त दिवसाचा होता.

४ जून, सकाळ. मध्यरात्रीला सुमारे चौदा तास. बरोबर तीन वर्षांपूर्वी याच तारखेला झालेल्या निवडणुकीने कम्युनिस्टांना धूळ चारली होती. आज गृहमंत्री अंतोनी माचेरेविच यांची बंद पाकिटं सेइममध्ये गटनेत्यांच्या हाती पडतात. आत ६४ नावं. सोबतचा मजकूर सावध आहे: दफ्तरात काय सापडलं एवढंच यात आहे, कोण दोषी ते नाही. पण पाकीट फोडल्यावर सोबतचं पत्र वाचतो कोण? सगळे आधी नावं शोधतात.

दुसरं, छोटं पाकीट मोजक्याच उच्चपदस्थांसाठी आहे. त्यात खुद्द वालेसांचं नाव आहे आणि सेइमचे अध्यक्ष व्हिएस्वाव ह्शानोव्स्की यांचंही. हे ह्शानोव्स्की ख्रिस्ती राष्ट्रीय संघाचे नेते, सत्तेतल्या सर्वांत मोठ्या घटक पक्षाचे. म्हणजे गृहमंत्र्याने स्वतःच्याच पक्षप्रमुखाचं नाव पाकिटात घातलं होतं. याला निःस्पृहपणा म्हणावं की आत्मघात, यावर पोलंडमध्ये अजून भांडणं होतात. माझ्या मते दोन्ही. मात्र १२१ च्या सरकारला ती चैन परवडणारी नव्हती.

दुपार. दहा-बारा तास. सरकारी वृत्तसंस्थेवर वालेसांचं निवेदन येतं: डिसेंबर १९७० मध्ये पहिल्यांदा अटक झाली तेव्हा आपण तीन-चार कागदांवर सह्या केल्या होत्या. थोड्याच वेळात निवेदन मागे घेतलं जातं. त्याची जागा दुसऱ्याच पत्राने घेतली आहे: सरकार तत्काळ बरखास्त करा.

दुसऱ्या दिवशीचं मतदान आता आजच होणार.

रात्र. दोनेक तास. ओल्शेव्स्की दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलतात. वालेसा सेइममध्ये आलेले आहेत. एका खोलीत त्यांच्याभोवती नेते जमतात: मझोव्हिएत्स्की, टुस्क, शेतकरी पक्षाचे तरुण वाल्देमार पावलाक, आणि पाकिटात ज्यांचं नाव आहे ते लेशेक मोचुल्स्की. कॅमेरा चालूच आहे. लिबरल पक्षाचे पस्तिशीतले डोनाल्ड टुस्क म्हणतात, ‘मंडळी, मतं मोजूया.’ दोन वर्षांनी हे चित्रण एका माहितीपटात आलं आणि त्या तीन शब्दांनी टुस्कचा आजतागायत पिच्छा सोडलेला नाही. खरं तर त्या खोलीत ते वाक्य सर्वांत प्रामाणिक होतं. सकाळपर्यंत एकमेकांशी न पटणारे लोक आता एका बाजूला होते, आणि त्यांना तिथे आणलं होतं माचेरेविचांच्या पाकिटाने.

मध्यरात्रीच्या तोंडावर. ओल्शेव्स्की व्यासपीठावर येतात. सरकार गेलं तरी या शहराच्या रस्त्यावर उतरून लोकांच्या नजरेला नजर देता यावी, एवढीच आपली इच्छा आहे, असं ते सांगतात. भाषण उत्तम होतं. त्याने किती मतं फिरली असतील याबद्दल मला शंकाच आहे.

५ जून, बारा वाजून गेल्यावर. बरखास्तीच्या बाजूने २७३, विरोधात ११९, तटस्थ ३३. डिसेंबरातल्या हक्काच्या १२१ च्या पुढे आकडा सरकलाच नव्हता.

त्याच दिवशी पावलाक पंतप्रधान झाले. ३३ दिवस खटपट करून त्यांना मंत्रिमंडळ जमलं नाही. १९ जूनला घटनात्मक न्यायाधिकरणाने २८ मे चा ठरावच घटनाबाह्य ठरवला. ह्शानोव्स्कींना पुढे न्यायालयाने निर्दोष ठरवलं. वालेसांच्या सह्यांचा वाद मात्र २०१७ मध्ये हस्ताक्षरतज्ज्ञांचा अहवाल त्यांच्या विरोधात जाऊनही मिटलेला नाही.

जुलैत हान्ना सुखोत्स्का सात पक्षांची मोट बांधून पंतप्रधान झाल्या. ओल्शेव्स्कींचे न्यायमंत्री झ्बिग्न्येव दिका त्यांच्याही मंत्रिमंडळात न्यायमंत्री झाले, पुढे पायउतारही झाले. २८ मे १९९३ ला सुखोत्स्कांवर अविश्वासाचं मतदान झालं तेव्हा हे दिका वेळेत सभागृहात पोहोचले नाहीत. ते सरकार एका मताने पडलं.