कर्ज एकाचे, घाम दोघांचा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली सुरू केली. त्याच साली, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने लुटली व कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे आणि नगर या जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्या चौकशीत सावकार आणि कुळ यांचा हिशेब पुष्कळ झाला. परंतु कुळ म्हणजे एकटा पुरुष नव्हे. त्याच्या मागे घर असते. कर्ज त्याने काढले, फेडले मात्र कोणी? हा प्रश्न उंबऱ्याच्या आतच राहिला. आज मी तो उंबऱ्याबाहेर आणणार आहे.

आपल्या नारायणगडाची ओळख ज्या संतपुरुषाच्या नावाने आहे, ते नाव नगद नारायण. आपल्या बोलीत नगद नारायण म्हणजे रोख पैसा. गडावरचा नगद नारायण सर्वांना सारखाच दर्शन देतो. घरातला नगद नारायण तसा नाही. तो एकाच्या खिशात असतो, आणि दुसऱ्याला त्याचे दर्शन मागून घ्यावे लागते. त्यात खिशाचा मालक कर्जबाजारी असला, म्हणजे मागूनही दर्शन होत नाही.

प्रथम जुने शास्त्र काय म्हणते ते पाहू. याज्ञवल्क्य स्मृतीचा नियम स्पष्ट आहे. नवऱ्याने केलेले कर्ज बायकोने फेडण्याचे कारण नाही, आणि बायकोने केलेले नवऱ्याने फेडण्याचे कारण नाही. अपवाद कुटुंबासाठी काढलेल्या कर्जाचा. बायकोने द्यावयाचे कर्ज तीनच प्रकारचे: तिने स्वतः कबूल केलेले, नवऱ्याबरोबर मिळून काढलेले, आणि स्वतः काढलेले. दारू, बाहेरख्यालीपणा व जुगार यांपायी बापाने केलेले कर्ज मुलानेही देऊ नये, असे तेथे सांगितले आहे. आणखी एक नियम आपल्यासारख्या कष्टकऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. गवळी, कलाल, नट, परीट, पारधी यांच्या बायकांनी काढलेले कर्ज नवऱ्याने फेडावे. कारण त्या घरांची उपजीविका बायकांच्या कामावर चालते. म्हणजे ज्याच्या श्रमावर घर उभे, त्याचे कर्ज घराचे, हे तत्त्व स्मृतिकारालाही ठाऊक होते.

या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरीत लिहिली. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातले. बीड आणि बीदर हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. तेव्हा हा कायदा आपल्या शेजारच्याच ओसरीवर लिहिला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

पण पुढचे दार बंद केले तरी मागचे दार उघडे होते. कात्यायनाने सांगून ठेवले, की बायकोने आपल्या कारागिरीने मिळविलेल्या पैशावर नवऱ्याची सत्ता असते. तो तिचे स्त्रीधन नव्हे. आता दोन्ही नियम शेजारी ठेवून पाहा. नवऱ्याचे कर्ज तिच्यावर नाही, हे खरे. परंतु तिची कमाई नवऱ्याच्या हातात, आणि नवऱ्याच्या हातातले सावकाराच्या हातात. नियमाने ती मोकळी होती आणि व्यवहाराने बांधलेली होती.

इंग्रजांनी १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा केला. त्यात बायकोची मजुरी ही तिची स्वतःची मालमत्ता ठरली; परंतु हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन स्त्रियांना तो कायदा लागू नव्हता. म्हणजे शेतात आणि गिरणीत राबणारी बहुतेक बाई त्यातून वगळली गेली. १९०८ च्या दिवाणी कायद्याने जप्तीला मर्यादा घातली. ऋणकोची, त्याच्या बायकोची व मुलांची अंगावरची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या चालीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्त करता येत नाहीत. मंगळसूत्र आणि तवा कायद्याने वाचला, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि चोरून गहाण पडलेले मंगळसूत्र कायद्याला दिसत नाही.

खरे वळण आले ते १९५६ साली. हिंदू कोड बिल अडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते. त्या बिलाचे तुकडे होऊन पुढे जे कायदे झाले, त्यांपैकी वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण केले. त्या मालमत्तेत तिने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळविलेलेही येते, असे कलमातच लिहिले आहे. कात्यायनाचे मागचे दार त्या दिवशी बंद झाले. पुढे २००५ च्या दुरुस्तीने, बापाचे नवे कर्ज केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाने फेडावे, हेही संपले.

कायदा इतका पुढे आला. आता आपल्या बालाघाटातला व्यवहार कोठे आहे ते पाहू.

सहकारी साखर कारखानदारी १९५० पासून प्रवरानगरातून पसरली. तिला ऊस तोडणारे हात लागले आणि आपल्या कोरडवाहू जिल्ह्याने ते पुरविले. दसरा-दिवाळी झाली की बीडमधून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादमाच्या वहीत मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यातच उचल घेतली जाते. कागदावर सही किंवा अंगठा बहुधा नवऱ्याचा, पैसा नवऱ्याच्या हातात, आणि फेड मात्र अख्ख्या कोयत्याने करावयाची.

जरा हिशेब करू. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. समजा, एका जोडप्याने एक लाख रुपये उचल घेतली आणि रोज दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून भरला. लाख रुपये फिटण्यास २७३ टन लागतात. म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. हा जवळजवळ सगळा हंगाम झाला. यांतले निम्मे टन बाईचे आहेत. शिवाय पहाटेची भाकर, पाणी आणि पोर तिच्याकडेच. ते कोणत्याच वहीत नाही. ती लाखाची उचल घरदुरुस्तीला गेली असेल तर गोष्ट वेगळी. पण तिच्यातले चाळीस हजार नवऱ्याच्या जुन्या देण्यात गेले असतील, आणि ते देणे कशाचे हे बाईला कधी सांगितलेच नसेल, तर तिने कोणाचे कर्ज फेडले?

खाड्याच्या दंडाची भीती किती खोल गेली हे २०१९ साली साऱ्या देशाने पाहिले. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उभा राहिला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ब्याऐंशी हजारांवर बायकांच्या पाहणीत तेरा हजारांवर बायकांची पिशवी काढलेली आढळली. दुखणे अंगावर काढणे परवडत नाही आणि रजा घेणेही परवडत नाही, अशा कात्रीत सापडलेल्या घराचा हा हिशेब आहे. त्यात उचलीचा वाटा नाही असे कोण म्हणेल?

वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा करणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती. आगाऊ रकमेच्या बदल्यात ऋणकोने स्वतः किंवा कुटुंबातील माणसाकरवी विनामोबदला वा नाममात्र मजुरीवर राबणे, हे त्यांनी वेठबिगारीच्या व्याख्येतच घातले. एकाच्या अंगठ्याने दुसऱ्याचे हात बांधले जातात, हे त्यांस दिसले होते.

आता चित्राची दुसरी बाजू. अलीकडे बचत गटांतून आणि लहान कर्ज देणाऱ्या कंपन्यांकडून बाईच्या नावावर कर्ज मिळते. सही तिची, हप्ता तिच्या डोक्यावर, आणि पैसा पुष्कळदा नवऱ्याच्या कामी. याज्ञवल्क्याने सांगितलेले 'तिने स्वतः कबूल केलेले कर्ज' ते हेच. पूर्वी तिला कर्जातून वगळले होते ते तिच्या रक्षणासाठी. आज तिला कर्जात घेतले आहे ते वसुलीच्या सोयीसाठी.

वारकऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. महिपतीने सांगितलेल्या तुकोबांच्या चरित्रात जिजाईने आपल्या नावावर कर्ज काढून तुकोबांना व्यापारास भांडवल दिले, आणि तुकोबांनी ते वाटेत एका कर्जाने गांजलेल्या माणसाला देऊन टाकले. आपण कथा ऐकताना तुकोबांना हात जोडतो. जोडावेतच. पण खताखाली नाव जिजाईचे होते, हेही कीर्तनात एकदा सांगावे. त्याच तुकोबांची दुसरी कथा मला अधिक मोलाची वाटते. लोकांकडून येणे असलेली घरची खते त्यांना इंद्रायणीत बुडवावयाची होती. त्यांनी प्रथम वाटणी केली. निम्मी खते भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याचीच बुडविली. केवढा मोठा न्याय आहे पाहा. दान करावयाचे झाले तरी आपल्या वाट्यातून. मग कर्ज फेडावयाचे झाले तर दुसऱ्याच्या वाट्यातून कसे?

तर घरात न्याय कसा करावा? माझ्या मते कर्जाचे तीन ढीग करावेत. बियाणे, दवाखाना, शाळा, छप्पर हे घराचे कर्ज, ते दोघांचे. लग्नाआधीचे, कोणासाठी जामीन राहून अंगावर आलेले, किंवा एकाच्या हौसेचे वा व्यसनाचे कर्ज. ते त्याचे एकट्याचे. आणि तिसरा ढीग वादाचा: बहिणीचे लग्न, भावाची मदत, गावजेवण. त्याची कसोटी एकच. कर्ज काढण्यापूर्वी ज्याला विचारले नाही, त्याच्याकडून ते वसूल करू नये.

मग कमाईतून प्रथम चूल आणि मुले, नंतर घराचे कर्ज, आणि उरेल त्याचे दोन सारखे वाटे. ज्याचे स्वतःचे कर्ज असेल त्याने ते आपल्या वाट्यातून फेडावे. समजा, महिन्यास वीस हजार आले. चूल-मुलांस अकरा गेले, घराच्या हप्त्यास तीन. उरले सहा, तीन याचे, तीन तिचे. त्याचे देणे त्याच्या तीन हजारांतून. तिने आपल्यातून मदत केली तर ती तिची खुशी. पण ती वहीत लिहावी.

यावर कोणी म्हणेल, एका घरात दोन वह्या म्हणजे घर फुटले. सहकारी सोसायटीत प्रत्येक सभासदाचे पान वेगळे असते. त्याने सोसायटी फुटत नाही, उलट पान नसले की फुटते. दुसरा म्हणेल, कर्जबाजारी माणसाला घरातही आरोपी करता काय? मुळीच नाही. कर्ज हे पाप नव्हे. दुष्काळाने, आजाराने आणि कमी मजुरीने कर्ज होते. परंतु शरमेने लपविलेले कर्ज व्याजापेक्षा जलद वाढते, हे संघटनेचे काम करताना मी घरोघर पाहिले आहे. आकडा दोघांना ठाऊक असला की निम्मे ओझे तेथेच उतरते.

अर्थात जेथे वाटण्यास काही उरतच नाही तेथे वाटणीचा न्याय पोटभर होत नाही, हे मी संघटनेचा माणूस म्हणून विसरू शकत नाही. दर वाढला पाहिजे, उचलीची पद्धत मोडली पाहिजे. पण तोवरही एक गोष्ट आपल्या हातात आहे. येत्या पावसाळ्यात उचलीचा कागद होईल तेव्हा आकडा दोघांसमोर वाचला जावा, कोयत्याच्या एका नावाऐवजी दोन नावे लिहिली जावीत, आणि मजुरी दोन खात्यांत पडावी. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. मुकादमासमोर नवरा-बायकोने मिळून तेवढे म्हटले पाहिजे. आणि त्यांच्या मागे संघटनेने उभे राहिले पाहिजे.