चेंडूच्या पोटातला इतिहास

१/ इ. स. १४८०. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने एक फर्मान काढले. ते ना युद्धाविषयी होते, ना करांविषयी. ते होते चेंडू बनवणाऱ्या कारागिरांसाठी! चेंडू चांगल्या कातड्याचा असावा, आत लोकर ठासून भरावी. खडू, वाळू, भुसा वा माती भरण्यास सक्त मनाई.

२/ राजाला चेंडूची एवढी चिंता का? टेनिसचा पूर्वज असलेला ‘ज्यू द पोम’ हा खेळ तेव्हा फ्रान्समध्ये लोकप्रिय होता. नावाचा अर्थच ‘तळहाताचा खेळ’. आरंभी रॅकेट नव्हती. चेंडू हातानेच टोलवत. लोकरीऐवजी वाळू भरली, तर कारागिराचा खर्च वाचे, पण मार बसे खेळणाऱ्याच्या हाताला.

३/ इंग्लंडमध्ये चेंडूत केसही भरत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या छताची विसाव्या शतकात दुरुस्ती झाली, तेव्हा तुळयांमध्ये असे जुने चेंडू अडकलेले सापडले. शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये तर एका पात्राची कापलेली दाढी टेनिसच्या चेंडूंत गेली, अशी थट्टाच आहे.

४/ या चेंडूंची उसळी मात्र बेताचीच. त्यांना कठीण फरशी आणि भिंती लागत. गवतावर ते मरगळून पडत. त्यामुळे उत्तम खेळ रंगे तो राजवाड्यांतल्या आणि शहरांतल्या बंदिस्त कोर्टांत.

५/ ही कोंडी रबराने फोडली. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत कडक. अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयरने गंधकासह रबर तापवून हा दोष घालवला आणि १८४४ मध्ये पेटंट मिळवले. हेच व्हल्कनायझेशन.

६/ १८७४ मध्ये वॉल्टर विंगफिल्डने लंडनमध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले. जाळी, रॅकेट आणि जर्मनीहून आणलेले पोकळ रबरी चेंडू तो पेटीत भरून विकू लागला. चेंडू आता हिरवळीवरही उसळत होता. घराभोवतीची बागच कोर्ट झाली आणि स्त्रियाही तिथे खेळू लागल्या.

७/ पण उघडे रबर ओले झाले की निसटे. त्याच वर्षी जॉन हीथकोट या खेळाडूने चेंडूवर फ्लॅनेलचे कापड चढवून पाहिले. पकड सुधारली, वाऱ्यातली चाल स्थिरावली. १८७७ ची पहिली विम्बल्डन स्पर्धा कापडी आवरणाच्या चेंडूंनीच खेळली गेली.

८/ पुढे बदलला तो रंग. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पांढरा चेंडू नीट दिसेना, म्हणून १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने पिवळा चेंडू नियमांत आणला. विम्बल्डनने मात्र तो स्वीकारला १९८६ मध्ये!

९/ आजच्या नियमांनुसार चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम हवे आणि २५४ सेंमीवरून सोडल्यावर तो १३५ ते १४७ सेंमी उसळायला हवा. सामन्यात आतला दाब आणि आवरण दोन्ही झिजतात. म्हणून मोठ्या स्पर्धांत साधारणतः पहिल्या सात गेमनंतर आणि पुढे दर नऊ गेमनंतर चेंडू बदलतात.

१०/ लोकर गेली, केस गेले. पोटात आता दाबलेली हवा आहे. पण लुईच्या फर्मानामागचा आग्रह आजच्या नियमांतही टिकून आहे: बाहेरून सारखे दिसणारे चेंडू आतूनही सारखेच असावेत. त्याखेरीज जिंकणे-हरणे खेळाडूच्या हातात राहत नाही.