तंजावरचे मोडी कागद

वेलचेरीच्या आपल्या मंडळींना तंजावर ठाऊक असते ते बहुधा बृहदीश्वरापुरतेच. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला, तेव्हा दुसऱ्या सरफोजीराजांनी सारे लक्ष विद्येकडे वळविले. धन्वंतरी महालात देशी व विलायती उपचारांची सांगड घातली. नेत्ररुग्णांची सचित्र टिपणे सरस्वती महालात आजही आहेत. १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. (मुंबई तेव्हा मागेच होती!)

१८५५ साली पुरुष वारस नसल्याचे सांगून राज्य खालसा झाले. राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या न्यायालयात जिंकल्या, पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलात हरल्या. सरकारच्या राज्यकृत्याचा न्याय न्यायालयास करता येत नाही, असे ठरले. तो निवाडा कायद्याचे विद्यार्थी अजून अभ्यासतात. तंजावरचे मोडी कागद वाचणारे मात्र मोजकेच उरले. गेल्या वर्षापासून मीही मोडी गिरवीत आहे. अद्याप सलग ओळ लागत नाही.