निळ्या पंजिकेवरचा डाग

खटला १८९८ सालचा. बंगालच्या उत्तरेला, भूतानच्या सरहद्दीलगत जलपायगुडी जिल्ह्यात, एका चहामळ्याचा व्यवस्थापक बिछान्यात गळा चिरलेल्या स्थितीत सापडला. कागदपत्रांची पेटी व तिजोरी उचकलेली, काहीशे रुपये नाहीसे. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार कोणी नाही.

संशय कोणावर जावा? ज्याचे निम्मे आयुष्य कारखान्याच्या दारात गेले, त्या माझ्यासारख्याला हे विचारावे लागत नाही. तो गेला मळ्यावरच्या मजुरांवर. मयत इसम मजुरांकडून कसून काम घेणारा म्हणून ख्यात होता. तेव्हा एखाद्या ‘कुली’नेच दावा साधला असणार! वरिष्ठाचा कडकपणा हा मजुराविरुद्धचा पुरावा कसा होतो, हे आपण पाहून ठेवावे. मग स्वयंपाकी, कारण त्याच्या कपड्यांवर रक्ताचे शिंतोडे होते. तो म्हणाला, धन्याच्या जेवणासाठी कबुतर मारले, त्याचे हे रक्त. पक्ष्याच्या रक्तातील तांबड्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लांबट दिसतात, त्यामुळे असे म्हणणे त्या काळीही पारखता येत असे. आणि ते खरे ठरले. शिवाय मयताचे जिच्याशी संबंध होते त्या बाईचे नातलग, आणि जवळपास तळ देऊन राहिलेली काबुल्यांची टोळी. चौकशीत यांपैकी कोणावरही काही शाबीत होईना. मयतानेच चोरीबद्दल तुरुंगात धाडलेला एक जुना नोकर होता. पण तो सुटल्यापासून जिल्ह्यात कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता.

अशा वेळी पुष्कळदा काय होते ते सांगण्याची गरज नाही. कोणालातरी चौकीवर नेतात आणि तो कबूल होईपर्यंत ‘चौकशी’ चालते. येथे मात्र कोणीतरी खोलीकडे नीट पाहिले. पेटीतल्या कागदांत बंगाली लिपीत छापलेली एक पंजिका होती. आपल्याकडचे पंचांग म्हणा ना. तिचे वेष्टन फिकट निळ्या कागदाचे, आणि त्यावर दोन पुसट तपकिरी डाग. भिंगाखाली धरले तेव्हा एका डागात उजव्या हाताच्या बोटाच्या रेषा दिसल्या.

या क्षणी सारा खटला त्या कागदावर टांगलेला होता. एखाद्या शिपायाने पंजिका उचलून सहज चाळली असती, तर गुन्हेगाराच्या रेषांवर त्याच्याच बोटांच्या रेषा उमटल्या असत्या. कामगारवस्तीत चोरीचे व आगीचे पंचनामे मी पुष्कळ पाहिले आहेत. पुष्कळ वेळा ते बाहेरच्या ओट्यावर लिहिले जातात, आणि पंचांनी आत पाऊल टाकण्यापूर्वी त्यांचा अंगठा घेतलेला असतो.

कलकत्त्याला बंगाल पोलिसांनी शिक्षा झालेल्या गुन्हेगारांचे ठसे वर्गवार लावण्याचे दफ्तर १८९७ साली उघडले होते. हजारो ठशांतून एक काढायचा तर वर्गवारी हवी. ती एक हजार चोवीस खणांची गणिती मांडणी अझीझुल हक या फौजदाराने बसविली, आणि हेमचंद्र बोस या दुसऱ्या अंमलदाराने तीत भर घातली. जगात ती पद्धत त्यांच्या वरिष्ठाच्या, म्हणजे एडवर्ड हेन्रीच्या नावाने चालते. खालच्याने राबावे आणि वरच्याचे नाव लागावे, हा रिवाज कारखान्यापुरताच नाही!

त्याच बंगालमध्ये १८५८ साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला होता, तो पुढे त्याला कराराबाहेर जाता येऊ नये म्हणून. गोरगरिबाला बांधून घेण्यास उपयोगी पडलेली ही युक्ती येथे त्यांच्या बाजूने उभी राहिली. पंजिकेवरचा ठसा दफ्तरातील कांगाली चरणच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. तोच जुना नोकर. तो शेकडो मैलांवर बीरभूम जिल्ह्यात सापडला.

रासायनिक तपासनिसाने डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचे असल्याचा दाखला दिला. माणसाचे रक्त जनावराच्या रक्ताहून वेगळे ओळखण्याची कसोटी १९०१ साली जर्मनीत उलेनहुटने काढली, त्यामुळे याहून अधिक त्याला सांगता येण्यासारखे नव्हते. किल्ली शोधताना रक्ताचा अंगठा वेष्टनाला लागला, असे अनुमान निघाले.

आरोप खुनाचा व चोरीचा, दोन्ही होते. असेसरांनी चोरी पूर्ण शाबीत धरली. खून करताना मात्र कोणी पाहिले नाही, म्हणून त्याबद्दल दोषी ठरविणे सुरक्षित नाही असे मत दिले. पुष्कळांना हा भित्रेपणा वाटतो. मला ते असेसर शहाणे वाटतात. ठशावरून चरणचा हात त्या पेटीपर्यंत पोचला होता एवढेच सिद्ध होत होते. सोबत कोणी होता की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. जे मळ्यातल्या मजुराला लागू, ते चोरालाही लागू.

वरिष्ठ न्यायालयाने चोरीची शिक्षा कायम केली. १८९९ च्या पाचव्या कायद्याने बोटांच्या ठशांवरील तज्ज्ञाचे मत पुराव्याच्या कायद्यात ग्राह्य धरले गेले, आणि १९०१ साली हेन्री लंडनच्या स्कॉटलंड यार्डात रुजू झाला. हक व बोस येथेच नोकरीत राहिले.