मुंबई उपनगरांतील लोहमार्ग व ट्राम

मुंबई उपनगरांतील लोहमार्ग व ट्राम : साष्टी बेटावरून दोन मुख्य लोहमार्ग दक्षिणोत्तर जातात. पूर्वेकडचा घाटकोपर-मुलुंडवरून ठाण्याला, तर पश्चिमेकडचा अंधेरी-बोरिवलीवरून विरारला. आज ते अनुक्रमे मध्य व पश्चिम रेल्वेकडे असून बोलण्यात त्यांना ‘सेंट्रल’ आणि ‘वेस्टर्न’ एवढेच म्हणतात. दोन्ही मार्ग मुंबई बंदर देशाच्या अंतर्भागाशी जोडण्यासाठी टाकले गेले. वाटेतली गावे एकमेकांना जोडावीत, असा विचार त्यामागे नव्हता. त्यामुळे आडवा, म्हणजे पूर्व-पश्चिम प्रवास हे उपनगरांचे जुने दुखणे. घाटकोपरहून अंधेरीला लोकलने जायचे तर आधी उलट दिशेने दादर गाठायचे, पूल चढून गाडी बदलायची आणि पुन्हा उत्तरेला यायचे, हाच अनेकांचा परिपाठ होता.

मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क १८४३ मध्ये भांडुपला गेले असता ठाणे, कल्याण आणि पुढे घाटापर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांना सुचली, असे रेल्वेचा इतिहास सांगतो. कल्पना भांडुपची, मान मात्र बोरीबंदरला मिळाला. १६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेची १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० निमंत्रितांना घेऊन तेथून निघाली. साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनी तिला ३४ किमी.वरील ठाण्याला नेले.

पश्चिमेचा मार्ग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेने गुजरातकडून मुंबईकडे बांधत आणला. नोव्हेंबर १८६४ मध्ये तो ग्रँट रोडला पोचला. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून बॅकबेला जाणारी गाडी सुरू झाली, दिवसाला एकच. तिच्या स्थानकांत अंधेरी ‘अंदारू’ आणि गोरेगाव ‘पहाडी’ या नावांनी आढळते. पहाडी हे नाव गोरेगावच्या भूमापनात अजून टिकून आहे.

ट्रामची गोष्ट वेगळी. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी आणि विजेची ७ मे १९०७ रोजी सुरू झाली. पण शहरातल्या या ट्रामने माहीमची खाडी ओलांडून साष्टीत पाऊल टाकले नाही. ३१ मार्च १९६४ च्या रात्री तिची शेवटची फेरीही बोरीबंदर ते दादर एवढीच होती.

साष्टीच्या वाट्याला आलेली ट्राम म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शहराबाहेर वस्ती नेण्याच्या धोरणातून ती करवून घेतली. नाव ट्रामवे असले तरी ती जीआयपी रेल्वेकडे चालवायला होती आणि ‘साल्सेट-ट्रॉम्बे रेल्वे’ या नावानेही ओळखली जाई. १९२८ मध्ये खुला झालेला हा सुमारे १३ किमी.चा मार्ग अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेला जात असे. दोन्ही कंपन्यांच्या मुख्य मार्गांना बेटाच्या मधोमध जोडणारी ही पहिली आडवी प्रवासी वाट, आणि ती अवघी सहा वर्षे टिकली. १९३४ मध्ये मार्ग बंद झाला व त्याची काही जागा सांताक्रूझच्या विमानतळात गेली. मागे राहिले ते एक नाव. कलिना-कुर्ल्याचा ‘सीएसटी रोड’ हा मूळचा सेंट्रल साल्सेट ट्रामवे रोड. रिक्षावाल्यासकट बहुतेकांना त्यात छत्रपती शिवाजी टर्मिनस ऐकू येते. वस्तुतः त्या स्थानकाला शिवाजी महाराजांचे नाव १९९६ मध्ये मिळाले.

याच काळात मुख्य मार्गांवर वीज आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने भारतातली पहिली विजेची गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि १९३६ मध्ये वीज विरारला पोचली. वाफेच्या इंजिनापेक्षा ही गाडी चटकन वेग घेई व चटकन थांबे. जवळजवळ स्थानके असलेल्या मार्गाला नेमके हेच हवे होते. स्थानकाभोवती वसाहती उभ्या राहू लागल्या. मुलुंडची आखणी तर क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी आधी कागदावर केली, घरे मागून आली. पाचरस्ता हा तिथला चौक त्या आखणीची खूण आहे. पालिकेची हद्द मात्र रुळांच्या मागून रखडत आली : १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत.

पुढच्या काळात बोरिवलीला दोन पहिले मान मिळाले. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली ही महिलांसाठीची संपूर्ण लोकल आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून सुटलेली पहिली वातानुकूलित लोकल.

आडव्या मार्गाला पुन्हा मुहूर्त लागला तो ८ जून २०१४ रोजी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईची पहिली मेट्रो ११.४ किमी.ची असून तिच्यावर १२ स्थानके आहेत. अंधेरीत ती पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून पुलाने जाते. घाटकोपरला मेट्रोतून उतरलेली गर्दी पादचारी पुलावरून थेट मध्य रेल्वेच्या फलाटांवर येते, आणि संध्याकाळी हाच लोंढा उलटा वाहतो.